ऑक्सिजन सेन्सर घरी बदलायचा आहे? आधी तो खरंच गेलाय का ते बघा

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय, ॲव्हरेज घसरलंय, नागपुरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गाडी उभी राहिली की इंजिन हलके झटके देतं. आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगून टाकलंय, "ऑक्सिजन सेन्सर गेला असेल, बदलून टाक."

सेन्सर बदलणं घरी जमण्यासारखं आहे. वायरीचा एक कपलर (जोड) सोडवायचा, आट्यांवर बसलेला एक भाग फिरवून काढायचा आणि तिथेच नवा बसवायचा. अवघड आहे ते त्याआधीचं, म्हणजे दोष सेन्सरचाच आहे याची खात्री करणं. दिवा बऱ्याचदा सेन्सरकडे बोट दाखवतो आणि बिघाड निघतो शेजारच्या पाइपात, वायरीत नाहीतर फ्यूजमध्ये. सेन्सर हा साक्षीदार आहे. त्याने वाईट बातमी दिली म्हणून तोच गुन्हेगार ठरत नाही. त्यामुळे पाना हातात घेण्याआधीचा भाग मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. नवशिक्यांचे पैसे वाया जातात ते तिथेच.

हा सेन्सर करतो काय

इंजिनातून निघालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो मोजतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला थोडी कमी पुरते. हे प्रमाण बिघडलं की धुरातला ऑक्सिजन कमी-जास्त होतो, सेन्सर ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि ईसीयू इंजेक्टरमधून सुटणारं पेट्रोल त्याप्रमाणे वाढवतो किंवा घटवतो. गाडी चालू असेपर्यंत ही देवाणघेवाण सतत सुरू असते.

नेहमीच्या सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाचं सिरॅमिक असतं. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर त्यात व्होल्टेज तयार होतं. पेट्रोल कमी पडलं तर ०.१ व्होल्टच्या आसपास, जास्त झालं तर ०.८-०.९. मात्र हे सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून आत एक छोटा हीटर असतो, आणि सेन्सरमध्ये सगळ्यात जास्त वेळा जळतो तो हाच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत असे दोन सेन्सर असतात. पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी, इंजिनाजवळ. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर, गाडीच्या पोटाखाली. स्कॅनर पहिल्याला 'बँक १ सेन्सर १' म्हणतो आणि दुसऱ्याला 'बँक १ सेन्सर २'. पेट्रोल किती सोडायचं हे मुख्यतः पहिल्यावर ठरतं. दुसरा कन्व्हर्टर नीट काम करतोय का यावर लक्ष ठेवतो. ॲव्हरेज घसरल्यावर मागचा सेन्सर बदलून सहसा काही हाती लागत नाही.

खात्री कशी करायची

२०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, स्कॅनर लावायचं सॉकेट असतं. ब्लूटूथवाला साधा स्कॅनर आणि मोबाइलमधलं ॲप एवढ्यावर काम भागतं. कोड वाचा आणि लिहून ठेवा. लगेच पुसू नका.

पी-०१३० ते पी-०१३५ हे पहिल्या सेन्सरचे कोड, पी-०१३६ ते पी-०१४१ दुसऱ्याचे. त्यातले पी-०१३५ आणि पी-०१४१ हीटरच्या सर्किटचे. यांपैकी एखादा आला तर संशय सेन्सरवर घ्यायला हरकत नाही. पण पी-०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, तर सेन्सर खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी फाटलेला व्हॅक्यूम पाइप, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर किंवा कमी पडलेलं इंधनाचं प्रेशर शोधा. पी-०४२० हा कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा कोड. तो पाहून मागचा सेन्सर बदलणारे खूप भेटतात आणि दिवा काही दिवसांनी पुन्हा लागतो.

हीटरचा कोड असेल तर सर्वात आधी फ्यूज बघा. मग बोनेट उघडून सेन्सरची वायर टोकापासून कपलरपर्यंत डोळ्यांनी तपासा. उंदीर हे आपल्या शहरातल्या गाड्यांचं मोठं दुखणं आहे. पावसाळ्यात आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या इंजिनाचा आसरा घेऊन ते वायरींचं वरचं आवरण सोलून ठेवतात. तांब्याची तार उघडी दिसली तर सेन्सरवर हजारो रुपये घालवण्याआधी ती वायर दुरुस्त करा. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आणखी एक जागा पाहायची. काही वेळा किट बसवणाऱ्याने सेन्सरच्या सिग्नल वायरला जोड मारून ठेवलेला असतो, आणि तो सैल झाला की सेन्सरचा कोड येतो.

मग सायलेन्सरकडे या. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर इंजिनाजवळून टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, असं असेल तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपाच्या) गॅस्केटमधून गळती असू शकते. अशा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो पेट्रोल कमी आहे असं कळवतो. ईसीयू विश्वास ठेवून पेट्रोल वाढवतो, ॲव्हरेज पडतं. इथे नवा सेन्सर टाकला तरी तोही हेच सांगणार.

मल्टिमीटर असेल तर हीटर पाच मिनिटांत तपासता येतो. इंजिन थंड असताना कपलर काढा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये ज्या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात, त्या बहुधा हीटरच्या. सेन्सरकडच्या बाजूने त्यांच्यामधला रोध मोजा. चांगल्या हीटरचा आकडा काही ओहम ते पंधराएक ओहम येतो. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली, आणि मग सेन्सर बदलायला पक्कं कारण मिळालं. हीटर ठीक असेल तर चावी ऑन करून गाडीकडच्या कपलरवर १२ व्होल्ट येतात का पाहा. काही गाड्यांत इंजिन सुरू असेल तरच ते येतात.

हीटर चांगला, वायर चांगली, तरी कोड येतोय? मग ॲपमध्ये लाइव्ह डेटा उघडा. गाडी पूर्ण गरम होऊ द्या, ॲक्सिलरेटर हलका दाबून २००० आरपीएमवर धरा आणि पहिल्या सेन्सरचा आलेख बघा. निरोगी झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत राहतो. ॲक्सिलरेटर झटकन दाबला की वर जातो, सोडला की खाली येतो. ०.४५ च्या आसपास चिकटून बसलेला किंवा सुस्तपणे हलणारा सेन्सर म्हातारा झालेला आहे. मागच्या सेन्सरचं उलट. तो ०.६-०.७ वर स्थिर दिसायला हवा. तोही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर संपत आलाय. नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड जातीचा सेन्सर असू शकतो. त्याचा आलेख असा दिसत नाही, म्हणून त्याला हे माप लावू नका.

सेन्सर आणि हत्यारं

सेन्सर गाडीच्या चासी नंबरवरून काढलेल्या पार्ट नंबरनेच घ्या. जुन्याच्या धातूच्या अंगावरही नंबर कोरलेला असतो, मोबाइल आत घालून फोटो काढला की वाचता येतो. दुकानात कुणी "हे सगळ्याच गाड्यायले लागते, भाऊ" म्हणत युनिव्हर्सल सेन्सर पुढे केला तर नवशिक्याने नम्रपणे नको म्हणावं. त्यात जुना कपलर कापून जोडावा लागतो. बॉश, डेन्सो, एनटीके या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांनाही सेन्सर पुरवतात, त्यामुळे त्यांचा योग्य नंबरचा सेन्सर घ्यायला हरकत नाही. मात्र नकली डबे बाजारात फिरतात, म्हणून पक्कं बिल घ्या. वाइडबँडच्या जागी साधा किंवा साध्याच्या जागी वाइडबँड चालत नाही, आटे जुळले तरी.

गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा खटाटोप करू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

हत्यारांत महत्त्वाची एकच गोष्ट वेगळी लागते: २२ मिलिमीटरची, बाजूला चीर असलेली ऑक्सिजन सेन्सरची गोटी, म्हणजे पान्याचा सॉकेट. चिरेतून वायर बाहेर राहते. बाकी लांब दांड्याचा रॅचेट किंवा टी, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, जाड हातमोजे, चष्मा आणि टॉर्च. टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. मागचा सेन्सर काढायचा असेल तर जॅकबरोबर दोन मजबूत स्टँड हवेतच. उघड्या तोंडाचा पाना वापरू नका. गंजलेल्या सेन्सरच्या सहा कडा तो गोल करून ठेवतो आणि सोपं काम वेल्डरच्या दारात जातं.

वेळ आणि जागा

एप्रिल-मेमध्ये नागपुरात हे काम करायचं तर पहाटे. पारा ४५ च्या घरात असताना उन्हात उभ्या गाडीचं बोनेटच हाताला सोसवत नाही, आतल्या पाइपाचं तर विचारूच नका. पहाटेचा दुसरा फायदा असा की रात्री मारलेल्या स्प्रेला मुरायला सात-आठ तास मिळतात.

जागा कडक आणि सपाट हवी. काळ्या मातीच्या रिकाम्या प्लॉटवर जॅक लावू नका, पाऊस होऊन गेला असेल तर मुळीच नाही. जमीन वरून टणक दिसते आणि वजन आलं की जॅक एका बाजूला खचतो. पेव्हर ब्लॉकवर लावायचा तर खाली जाड लाकडी फळी टाका. हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना विटा नव्हे, लाकडाचे ठोकळे लावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काढताना

आदल्या रात्री, पाइप पूर्ण थंड असताना, सेन्सर जिथे पाइपात शिरतो त्या रेषेवर गंजाचा स्प्रे मारा. गरम पाइपावर मारला तर पेट घेण्याचा धोका असतो. कपलरवर उडू देऊ नका.

सकाळी इंजिन तीन-चार मिनिटं चालवा आणि बंद करा. पाइप कोमट झाला की धातू थोडा प्रसरतो आणि आटे सैल होतात. रात्रीच्या स्प्रेचा थोडा धूर निघेल, त्यापासून तोंड दूर ठेवा. लालबुंद गरम पाइपावर काम करायचं नाही. हातमोजा घालून क्षणभर स्पर्श सोसवेल इतकाच गरम हवा. आता चावी काढून घ्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

पहिल्यांदा कपलर. वायर सेन्सरपासून मागे मागे बघत जा, तो एखाद्या ब्रॅकेटला अडकवलेला असतो. त्याची कुलपी (लॉकची पट्टी) दाबा आणि कपलर धरूनच ओढा, वायर धरून नाही. आपल्या उन्हात जुनं प्लास्टिक कडक होतं, म्हणून कुलपी पेचकसाने जोरात उचकटू नका, तुटते. वायर कुठून कशी गेली आहे याचा फोटो काढून ठेवा, बसवताना तो लागतोच.

मग गोटी पूर्ण खाली बसवा. अर्धवट बसली तर कडा जातात. सेन्सरकडे तोंड करून पाहिलं तर तो घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. गाडीखाली आडवं पडल्यावर ही दिशा चटकन उलटी वाटते, म्हणून थांबून एकदा विचार करा. एकसारखा, वाढता जोर द्या. हिसके देऊ नका. जोर ओढून द्या, ढकलून देऊ नका, कारण अचानक सुटला की हात समोरच्या लोखंडावर आपटतो.

सुटला की पटापट फिरवत बसू नका. इथेच आटे जातात. पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, स्प्रेचा एक थेंब, पुन्हा पाव फेरा. फिरताना करकर जाणवली तर आटे खरवडताहेत असं समजा आणि आणखी आत-बाहेर करत घाण निघू द्या. हाताला लागणारा जोर हळूहळू कमी होत गेला पाहिजे. वाढत चालला तर थांबा, पुन्हा स्प्रे मारा, अर्धा तास चहाला जा.

नाहीच सुटला तर? नवा सेन्सर हातात असेल आणि नंबर जुळवून झाला असेल, तर जुन्याची वायर मुळाशी कापा आणि चीर नसलेली २२ ची खोल गोटी लावा. चिरेची गोटी जोर आला की फाकते, अखंड गोटी फाकत नाही. एवढं करूनही हलला नाही तर गाडी गॅरेजला न्या, तिथे गॅसच्या ज्योतीने भोवतीचा भाग तापवून काढतात. घरी गॅसची शेगडी किंवा ब्लो टॉर्च घेऊन असा प्रयोग कधीही करू नका, शेजारून पेट्रोलचे पाइप जातात.

जुन्याचं टोक बघा

निघालेला सेन्सर उजेडात धरा. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मला ते फार मोलाचं वाटतं, कारण नवा किती टिकेल याचा अंदाज इथेच येतो. फिकट करडा किंवा तांबूस रंग म्हणजे नेहमीचं म्हातारपण. कोरडी काळी काजळी म्हणजे इंजिन जास्त पेट्रोल जाळतंय. गळका इंजेक्टर किंवा तुंबलेला एअर फिल्टर तसाच ठेवलात तर नव्यावरही तीच काजळी चढेल. तेलकट, तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा थर दिसला तर दोन संशय: कुणीतरी गॅस्केटला साधं सिलिकॉन सीलंट भरपूर लावलंय, किंवा कूलंट इंजिनाच्या आत शिरतोय. उन्हाळ्यात एकदा गाडी उकळली होती आणि तेव्हापासून कूलंटची टाकी हळूहळू रिकामी होते, असं असेल तर आधी हेड गॅस्केट तपासून घ्या. सिलिकॉन आणि कूलंट दोन्ही सेन्सरला विषासारखे आहेत.

नवा बसवताना

टोपी शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. टोकाला बोट, तेल, स्प्रे काहीही लागू देऊ नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून चांगला दिसला तरी आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं, तो बसवू नका.

आट्यांवर करडं किंवा तांबूस मलम आधीच लावलेलं असेल तर वरून आणखी लावायची गरज नाही. नसेल तर सेन्सरला चालणारं अँटीसीझ मलम आट्यांवर नावापुरतं लावा, टोकापासून दूर. साधं ग्रीस नको.

पाइपातले आटे स्वच्छ पुसा. बहुतेक गाड्यांत ते एम-१८ × १.५ चे असतात. खराब वाटले तर त्या मापाचा, आटे साफ करायचा टॅप हलक्या हाताने फिरवून घ्या. आता वायर मोकळी सोडून सेन्सर बोटांनी फिरवा, शेवटपर्यंत बोटांनीच. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यातच अडला तर तो तिरका शिरलाय, बाहेर काढा आणि पुन्हा सरळ धरा. पान्याने तिरका रेटलेला सेन्सर पाइपाचे आटे कापतो आणि मग पाइप किंवा मॅनिफोल्डच बदलावा लागतो. वायसर टेकल्यावर टॉर्क पाना लावा. एम-१८ च्या सेन्सरला बहुधा ३५ ते ४५ न्यूटन मीटर सांगितलेला असतो. डब्यावर किंवा मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

वायर फोटोप्रमाणे जुन्याच मार्गाने न्या, पिळलेली राहू देऊ नका. ती पाइपाला किंवा फिरणाऱ्या भागाला चिकटता कामा नये. कपलर टिक असा आवाज येईपर्यंत दाबा. त्यात ग्रीस भरू नका. बऱ्याच सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतल्या तारांमधूनच टोकापर्यंत पोहोचते. ग्रीस किंवा डाखाने ती वाट बंद झाली की कोरा सेन्सरही चुकीचं सांगायला लागतो.

चालवून बघा

बॅटरी जोडा, मोकळ्या हवेत इंजिन सुरू करा, सेन्सरच्या बुडाशी फुसफुस ऐकू येते का बघा. स्कॅनरने जुना कोड पुसा. ॲपमध्ये 'क्लोज्ड लूप' दिसू लागलं म्हणजे ईसीयू सेन्सरचं ऐकायला लागला. नंतर गाडी जरा लांब न्या: थोडी शहरातल्या सिग्नलांमधून, थोडी वर्धा रोडने बुटीबोरीकडे एकसारख्या वेगात. ईसीयूच्या तपासण्या अशा मिश्र चालवण्यातच पूर्ण होतात. परत आल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू सरासरी किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय त्याचा, आकडा बघा. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. ॲव्हरेज मात्र एका फेरीवरून ठरवू नका, टाकी दोनदा भरून मोजा.

आणखी एक स्वस्त तपासणी पीयूसी केंद्रावर मिळते. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांच्या चाचणीत २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डाही (हवा-पेट्रोलचं प्रमाण योग्य प्रमाणाच्या किती जवळ आहे तो आकडा) मोजतात आणि तो ०.९७ ते १.०३ मध्ये असावा लागतो. जुनी पावती जपून ठेवली असेल तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

तोच कोड पुन्हा आला तर दुसरा सेन्सर आणायला धावू नका. कपलरच्या पिना वाकल्यात का, वायर कुठे चेपली का, गॅस्केटची गळती राहिली का, याच क्रमाने परत बघा. तोवर जुना सेन्सर आणि त्याचा डबा भंगारात देऊ नका. पार्ट नंबर, बिल आणि बदलतानाचे किलोमीटर गाडीच्या कागदांत लिहून ठेवा, वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर दुकानदार आधी तेच मागतो.